अर्थातच टाकलेले पाणी

माझा मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, भंगाराचा व्यवसाय करतो. नागपूरहून हैदराबादकडे जाणारे ट्रक पांढरकवड्याला जिथे चहासाठी थांबतात, तिथे त्याचे दुकान आहे. घर मात्र आमच्या घराला लागून आहे. दोन घरांच्या मध्ये भिंत नाही, विहीर आहे. ही रचना माझ्या सासऱ्यांची. भिंतीने माणसे दुरावतात आणि विहिरीने जवळ येतात, असे त्यांचे मत होते. मत मांडताना त्यांनी आपल्या मुलाचा स्वभाव विचारात घेतला नव्हता.

विहिरीविषयी आधी सांगणे आवश्यक आहे. आमच्या भागातील बहुतेक विहिरींचे पाणी जड आहे. त्यात तुरीची डाळ शिजत नाही. कुकरच्या कितीही शिट्ट्या करा, दाणा दाण्यापासून अंतर राखून असतो. आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजते. त्यामुळे गल्लीतील बायका अंघोळीला आणि धुण्याला दुसरे पाणी वापरतात आणि वरणासाठी एकेक कळशी आमच्याकडून नेतात. या कळशीच्या निमित्ताने रोज सकाळी विहिरीवर जी सभा भरते, तिची अध्यक्ष माझी पत्नी असते. गल्लीतील सोयरिकी, भांडणे, बाळंतपणे आणि कोणाच्या घरी जेवायला जायचे किंवा नाही, हे सर्व तिथे ठरते. मी उच्च माध्यमिक विद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. मला त्या सभेत मताधिकार नाही.

उन्हाळा लागत असताना एका सकाळी मेहुणा हातात फोन घेऊन आला.

"भाऊजी, हे रेअर अर्थ म्हंजे काय?"

"दुर्मिळ माती," मी म्हणालो.

"माती कायले? अर्थ म्हंजे पैसा. दिल्लीले अर्थमंत्री असते, तो काय मातीमंत्री हाये?"

"तो अर्थ संस्कृत. हा इंग्रजी."

"पैसा कोनत्याई भाषेत पैसाच असते, भाऊजी."

या शब्दाचा आमच्याकडे आणखी एक उपयोग आहे. घरामागे खड्डा करून, त्यात मीठ आणि कोळसा भरून जो लोखंडी पाइप पुरतात, त्यालाही अर्थ म्हणतात. घरातील विजेची एक तार त्याला जोडलेली असते. कुठे वीज उतरली, तर ती माणसाच्या अंगात न जाता त्या पाइपातून जमिनीत जाते. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थ काम करीत नाही आणि कूलरला हात लावणारा दचकून मागे येतो. म्हणून आमच्याकडे चैत्र लागला की तुळशीबरोबर अर्थालाही पाणी घालतात. 'अर्थात पानी टाकलं का?' हा प्रश्न उन्हाळाभर घरोघरी ऐकू येतो. आमच्या दोन्ही घरांना मिळून एकच अर्थ आहे. तो कडुलिंबाखाली, विहिरीच्या अलीकडे पुरलेला आहे. ही रचनाही सासऱ्यांचीच.

मेहुण्याला मी बसवून घेतले. शिक्षकाला निवृत्तिवेतन मिळते, निवृत्ती मिळत नाही. मी सांगितले की हे नावच फसवे आहे. ती माती नव्हे, धातू आहेत. आणि फारसे दुर्मिळही नाहीत. पुष्कळ ठिकाणी सापडतात, परंतु इतके विरळ आणि एकमेकांत इतके मिसळलेले की हळदीत तिखट सांडावे आणि मग दोन्ही वेगळे करायला बसावे, तसा प्रकार. ते वेगळे करण्यासाठी डोंगर खोदावा लागतो, दळावा लागतो, तेजाबात शिजवावा लागतो, धुवावा लागतो आणि हे पुन्हा पुन्हा करावे लागते. शेवटी हाती लागते ते थोडे. मागे राहते ते आंबट, रंगीत पाण्याचे तळे आणि गाळाचे ढिगारे. काही ठिकाणी त्या गाळात किरणोत्सर्गी द्रव्येही असतात. तळे झिरपू लागले की खालच्या गावाची विहीर जाते. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर बोटभर आकाराच्या जोरदार चुंबकांसाठी. ती फोनमध्ये असतात, स्पीकरमध्ये असतात, विजेच्या स्कूटरमध्ये असतात. त्या स्कूटरला आपण स्वच्छ म्हणतो, कारण तिची घाण दुसऱ्याच्या गावी राहिलेली असते.

मेहुण्याने सर्व शांतपणे ऐकले. एवढे शांत तो वर्गात कधी बसला नव्हता.

"म्हंजे डोंगर खोदाची गरजच नाही," तो म्हणाला. "माह्या दुकानात डोंगर पडला हाये, भाऊजी. जुने स्पीकर, जुने कम्प्युटर. आयता डोंगर."

शास्त्रीयदृष्ट्या त्याचे म्हणणे बरोबर होते, हे नमूद करणे मला भाग आहे. भंगारातून धातू काढा म्हणजे डोंगर वाचतील, असे विद्वानही सांगतात. फक्त ते काम घराच्या अंगणात निळ्या ड्रमांत करावे, असे विद्वान सांगत नाहीत.

कारखाना सुरू झाला. पहिल्या दिवशी त्याने जुन्या कम्प्युटरांतून काढलेली चुंबके सदऱ्याच्या खिशात भरून आणली. ती मला दाखवण्यासाठी आमच्या घरात शिरला आणि लोखंडी कपाटाजवळून जाताना खिशासकट त्याला चिकटला. खिसा नवा होता, फाटेना.

"बाई, सोडव वं," तो म्हणाला. मोठ्या बहिणीला तो बाई म्हणतो.

"राहू दे तिथंच," पत्नी म्हणाली. "संध्याकाळलोक तरी ठिकाण्यावर राहशीन."

दुसऱ्या टप्प्यात त्याने चुंबके हातोड्याने कुटली. तो भुगा हवेत पेट घेतो, ही गोष्ट त्याने पाहिलेल्या चित्रफितीत सांगितली असावी. परंतु ती चित्रफीत चिनी भाषेत होती आणि मेहुणा केवळ बाण पाहून काम करीत होता. ठिणग्या उडाल्या, मिशीची डावी बाजू गेली. समतोलासाठी त्याने उजवी बाजूही काढली. मग तेजाब आले. ते त्याला कुठून मिळाले हे मी विचारले नाही. भंगारवाल्याला काय मिळत नाही, हा प्रश्न अधिक सोपा आहे. ड्रमांतून वाफा निघू लागल्या. दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या बनियनला जाळी पडली. मी ते बनियन त्याच्यापुढे धरले.

"उन्हाळ्यात बरंच हाये ना, भाऊजी. हवा लागते."

ड्रमातील पाणी आधी हिरवट झाले. त्यात त्याने बाणाने दाखवलेली एक पांढरी पूड टाकली. तळाशी फिकट गुलाबी गाळ बसला. तो गाळून, वाळवून त्याने लोणच्याच्या बरणीत भरला. बरणीचा तळ जेमतेम झाकला गेला. मी चष्मा लावून पाहिले. ते खरोखर तेच द्रव्य असावे, असे मला वाटले. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

पत्नीने बरणी उचलून उजेडात धरली. "गुलाल हाये का रे?"

"गुलाल काय घेऊन बसली, बाई. यात स्कूटर चालते."

"अन् हे ड्रमातलं?"

ड्रम काठोकाठ भरलेले होते. मूठभर गुलाबी पुडीच्या मागे एवढे पिवळट, हिरवट, नाकाला झोंबणारे पाणी उरले होते. मेहुण्याने माझ्याकडे पाहिले. मी दारात वर्तमानपत्र वाचत उभा होतो. त्या वेळी झालेले संभाषण मी जसेच्या तसे देतो, कारण पुढे त्यावर बराच वाद झाला.

"त्यात आधी चुना घालून ते निवळू दे," मी म्हणालो. "तोवर ते गटारात सोडायचे नाही. जमिनीत टाकायचे नाही, अर्थातच."

मेहुणा थोडा थांबला. "अर्थातच?"

"अर्थातच."

"पक्कं ना, भाऊजी? अर्थातच?"

"यात विचारण्यासारखे काय आहे? अर्थातच."

त्याने मान डोलावली. इतक्या आज्ञाधारकपणे त्याने मान डोलावल्याचे मी पूर्वी पाहिले नव्हते. मी वर्तमानपत्राकडे वळलो.

त्यानंतर तो रोज बादली बादली पाणी घेऊन कडुलिंबाकडे जाताना दिसे. उन्हाळ्याचे दिवस. अर्थाला पाणी घालणारा मेहुणा पाहून मला समाधान वाटे. घराची काळजी त्याला उशिरा का होईना वाटू लागली, असे मी पत्नीला म्हणालोही. तिला ते पटले नाही. ती त्याला लहानपणापासून ओळखते.

एका दुपारी तिने कूलरचे बटण दाबले आणि हात झटकून मागे आली. मग फ्रीजनेही झटका दिला. स्वयंपाकघरात चपला घालण्यास आमच्याकडे सक्त मनाई होती. ती परंपरा त्या दुपारी संपली. पत्नी रबरी चपला घालून स्वयंपाक करू लागली आणि मी पाणी पिण्यासाठी तिची परवानगी घेऊ लागलो.

वायरमन आला. तो माझा जुना विद्यार्थी. त्याने टेस्टर लावला, डोके खाजवले आणि कडुलिंबाखाली खणायला बसला. पाइप वर काढला तेव्हा वरचा भाग पाइप होता. खालचा भाग चाळणी होती आणि त्याखाली काहीच नव्हते.

"सर," तो म्हणाला, "याले कोनं तेजाब पाजलं?"

तेवढ्यात मेहुणा तिथे आला. त्याच्या हातात बादली होती.

"तुमचा अर्थ खल्लास झाला, सर," वायरमन म्हणाला. शाळेत असताना त्याने हे वाक्य माझ्यासमोर उच्चारण्याचे धाडस केले नसते.

पत्नीने बादलीकडे पाहिले, मग भावाकडे. "तू टाकलं?"

"भाऊजीनंच सांगतलं."

"काय सांगतलं?"

"गटारात नाही टाकाचं. जमिनीत नाही टाकाचं. अर्थातच. मी तीन तीन खेपा विचारलं, बाई. पुस बरं त्याइले. म्हने, यात विचाराचं काय हाये, अर्थातच. मले वाटलं, अर्थाचं पानी अर्थातच जिरन. तसंही त्याले पानी लागतेच."

"आणि चुना?" मी विचारले. "चुना का घातला नाहीस?"

"चुन्यानं अर्थ खराब होते, भाऊजी."

वायरमन खड्ड्यात तोंड घालून काहीतरी शोधू लागला. त्याचे खांदे हलत होते.

"तुमाले साधं 'नोको टाकू' म्हनता येत नाही का?" पत्नी मला म्हणाली.

व्याकरणदृष्ट्या माझे वाक्य निर्दोष होते. त्यात स्वल्पविराम होता. तो स्पष्ट उच्चारला गेला नाही, एवढेच फार तर म्हणता येईल. मी तसे म्हणालो. कोणीही ऐकले नाही, कारण पत्नी खड्ड्यापासून विहिरीकडे चालत गेली होती. फार चालावे लागले नाही. ती काठावर वाकून आत पाहत राहिली. मग तिने कप्पीवरचा दोर उतरवला, गुंडाळून खांद्यावर टाकला आणि घरात नेऊन खुंटीला अडकवला. त्या खुंटीवर माझी छत्री असे. छत्री खाली ठेवली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका कळश्या घेऊन आल्या. दोर नाही असे पाहून थांबल्या.

"पानी बंद हाये," पत्नी म्हणाली.

"काहून, काकू?"

"माह्या भावानं इथं तेजाब टाकलं."

ती दुसरेही काही सांगू शकली असती. दोर तुटला, गाळ काढायचा आहे, असे काहीही. तिने सांगितले नाही. एक म्हातारी शेजारीण कळशी कमरेवर घेत म्हणाली, "तरीच तो मिशी काढून फिरून राह्यला." यावर दोघी हसल्या, पण कळश्या रिकाम्याच परत गेल्या. त्या सकाळी गल्लीत काहीही ठरले नाही. नंतरच्या सकाळीही नाही.

मेहुण्याने आणि मी खड्डा मोठा केला. म्हणजे मी सांगितले आणि त्याने केला. ओली, पिवळी पडलेली सगळी माती बाहेर काढली. तिच्यात चुना कालवला, ड्रमांत उरलेल्या पाण्यातही घातला आणि तो सगळा चिखल वाळवून पोत्यांत भरला. पोती बरीच झाली. सकाळी कचऱ्याची घंटागाडी आली तेव्हा मी गाडीवाल्याला थांबवले.

"ओला का सुका?" त्याने विचारले.

"रासायनिक."

"तसा डबा नाही आपल्याकडं, सर," असे म्हणून त्याने घंटा वाजवली आणि गाडी पुढे नेली.

असा कचरा नेणारी वेगळी गाडी जिल्ह्याच्या गावाहून येते, असे मला एका कचेरीतून फोनवर सांगण्यात आले. ती येत आहे.

"नाल्याच्या पल्याड पडीत जागा हाये," मेहुणा म्हणाला. "संध्याकाळी छकड्यात टाकून नेतो. कोन पाहते?"

पत्नी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "तिकडं कोनाची विहीर हाये?"

"असन कोनाची तरी."

"मंग?"

मेहुण्याने हातातले पोते खाली ठेवले. पोती त्याच्याच घराच्या ओसरीत, त्याच्या दिवाणाभोवती रचण्यात आली. अजूनही तो तिथेच झोपतो, खंदकातल्या शिपायासारखा. मला कधी कधी वाटते, ज्या दूरच्या डोंगरांतून त्याच्या फोनातले चुंबक आले, तिथेही असे उरलेले कोणाच्या तरी ओसरीत ठेवावे लागले असते, तर डोंगर इतक्या घाईने खोदले गेले नसते. परंतु कारखान्याला मोठी बहीण नसते. गुलाबी पुडीची बरणीही माळ्यावर आहे. तिला गिऱ्हाईक मिळाले नाही. मोठ्या कारखान्याला एवढासा माल नको होता आणि लहान गिऱ्हाईक दात घासायला आहे का, असे विचारीत होते.

विहिरीचे पाणी मी स्वतः तपासले. शाळेतून निवृत्त होताना मला शाल आणि श्रीफळ मिळाले होते. लिटमसच्या कागदांची डबी मी स्वतंत्रपणे, रीतसर विकत घेतली होती. निळा कागद निळाच राहिला. आमच्या काळ्या मातीखाली चुनखडी आहे. शेतकरी तिला शिव्या देतात, कारण तिच्यावर नांगर चालत नाही. त्या चुनखडीने तेजाब वाटेतच अडवले होते. ज्या मातीला आमच्याकडे कोणी मोल देत नाही, तिने हे काम केले. खात्रीसाठी पाण्याची बाटली यवतमाळला तपासणीस पाठवली. पाणी पिण्यास योग्य आहे, असा निर्वाळा आला. मी तो पत्नीला वाचून दाखवला.

"डाळ शिजते का?" तिने विचारले.

उत्तर मला ठाऊक होते, हीच अडचण होती. चुनखडीने तेजाब अडवले ते स्वतः विरघळून. विरघळलेला तो चुना पाण्यात उतरला होता आणि पाणी जड झाले होते. जड पाणी ओळखण्याची सोपी कसोटी म्हणून तुरीच्या डाळीचे उदाहरण मीच वर्षानुवर्षे वर्गात देत आलो होतो. तरीही मी म्हणालो, "करून पाहू."

कुकरच्या शिट्ट्या गल्लीत ऐकू गेल्या. वरण ताटात आले. त्यातील प्रत्येक दाणा स्वतंत्र होता आणि वाटीत पडताना त्याचा आवाज होत होता.

पत्नीने निकाल दिला. दर रविवारी विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायला घातली जाईल आणि ते वरण मेहुणा खाईल. ज्या रविवारी डाळ शिजेल, त्या दिवशी दोर पुन्हा कप्पीवर चढेल. तोपर्यंत गल्लीला पाणी नाही आणि आमच्या घरात टँकरचे.

"बाई, टँकरच्या पान्यात शिजते ना डाळ."

"टँकरच्या पान्यात तू काही टाकलं नाही."

पहिल्या रविवारी मी माझ्या ताटाकडे पाहिले. त्यातही तेच वरण होते. मी पत्नीकडे पाहिले.

"तुमी सांगतलं नव्हतं का त्याले?" ती म्हणाली.

म्हणजे ते स्वल्पविरामाबद्दल होते. मी जेवलो.

पावसाळा आला. विहीर भरली, उपसली, पुन्हा भरली. मेहुणा पंप लावून उपसत असे. ते पाणी कुठे सोडायचे, हे तो आता मला विचारीत नसे, बहिणीला विचारी. रविवारी आम्ही दोघे समोरासमोर बसून डाळ चावत असू. एकत्र बसून इतके मौन आम्ही यापूर्वी कधी पाळले नव्हते. सासऱ्यांची विहीर आम्हांला जवळ आणत होती, असे म्हणता येईल. दसऱ्याला दाणा थोडा मऊ वाटला. मेहुणा म्हणाला, "शिजली, बाई." पत्नीने एक दाणा चिमटीत धरून दाबला. दाणा निसटून माझ्या चष्म्यावर आदळला. विषय संपला.

अधूनमधून कोणीतरी शेजारीण दारातून विचारून जाई, "काकू, शिजली का?" तोपर्यंत गल्लीतल्या एका मुलीची सोयरीक पक्की झाली आणि ती विहिरीवर न ठरता नळावर ठरली. पत्नीला ते तिसऱ्याच कोणाकडून कळले. ती त्या संध्याकाळी जेवली नाही.

संक्रांतीनंतरचा एक रविवार. शिट्ट्या झाल्या. मेहुणा सवयीने येऊन पाटावर बसला. पत्नीने कुकर उघडला, पळी फिरवली आणि थांबली. मग पुन्हा फिरवली. पळी अडखळत नव्हती. तिने एक दाणा घेतला, चिमटीत दाबला आणि बोटे आमच्यापुढे धरली. बोटांवर पिवळा लेप होता, दाणा नव्हता.

तिने दोघांना वाढले. वरणावर तूपही पडले. मेहुण्याने दोनदा मागून घेतले आणि तोंड फिरवून सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. तिखट जास्त झाले, असे तो म्हणाला. फिक्या वरणात तिखट नसते. मी तो मुद्दा उपस्थित केला नाही.

हात धुऊन तो खुंटीकडे गेला आणि दोर उतरवला. पिळे सोडवत तो दारात उभा राहिला. पलीकडच्या अंगणात म्हातारी शेजारीण कळशी घासत होती आणि तिची नजर आमच्याकडे होती.

"भाऊजी," त्याने विचारले, "लावू का मंग दोर?"

मी तोंड उघडले. पत्नीने माझ्याकडे पाहिले.

"लाव," मी म्हणालो.